कोड न लिहिणाऱ्यांचा अधिकार

स्वयंसेवकांच्या कष्टांवर चालणाऱ्या मुक्त स्रोत प्रकल्पांत, म्हणजे ज्याचा कोड (संगणकाला दिलेल्या सूचनांचे मूळ लेखन) कोणालाही पाहता, वापरता आणि बदलता येतो अशा सॉफ्टवेअरच्या जगात, एक अलिखित नियम आहे: जो काम करतो तो ठरवतो. नोकरी सांभाळून, रात्री जागून, कोणाकडूनही मोबदला न घेता जो माणूस कोड लिहितो, त्याने काय लिहावे हे दुसऱ्याने बसल्या जागेवरून सांगू नये, असा या नियमाचा साधा अर्थ. लिनक्स या मुक्त संगणक-प्रणालीचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी ऑगस्ट २००० मध्ये एका चर्चेत ‘बोलणे स्वस्त असते, मला कोड दाखवा’ अशा अर्थाचे वाक्य लिहिले आणि पुढे ते जगभरच्या प्रोग्रामरांचे ब्रीदवाक्य होऊन बसले. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात कशाला म्हणतात हे ठाऊक असलेल्या मराठी माणसाला त्यात वावगे वाटण्याचे कारण नाही. तरीही या नियमाचा जो अर्थ आज रूढ झाला आहे, की कोड म्हणजेच काम आणि बाकी सगळे नुसते बोलणे, तो मला चुकीचा वाटतो. आपल्या भाषेच्या आणि सोलापूरसारख्या शहरांच्या दृष्टीने तर तो घातक वाटतो. प्रकल्पात कोणाच्या शब्दाला वजन असावे हे ठरवताना कल्पना देणारा आणि कोड लिहिणारा अशी विभागणी करण्याऐवजी, सांगून निघून जाणारा आणि सांगितलेल्या गोष्टीच्या परिणामांपर्यंत सोबत राहणारा अशी विभागणी केली पाहिजे, हे मला मांडायचे आहे.

कोड लिहिणाऱ्यांची बाजू आधी नीट समजून घेतली पाहिजे, कारण ती खरी आहे. एखादी सूचना करायला पाच मिनिटे लागतात. ‘या पडद्यावर छपाईचे बटण हवे’ एवढे लिहून पाठवले की पाठवणाऱ्याचे काम संपते. ज्याला ते बटण करायचे असते त्याला मात्र ते वेगवेगळ्या प्रिंटरवर कसे चालेल, कागदावर जोडाक्षरे फुटतील का, आधीच्या आवृत्तीत चालणारे काही बिघडेल का, हे सगळे पाहावे लागते. आणि बटण एकदा दिले की पुढची कित्येक वर्षे, मूळ मागणी करणारा ते सॉफ्टवेअर वापरणे सोडून गेला तरीही, ते चालते ठेवावे लागते. नवी सोय देऊन मोकळे होता येत नाही, तिचा सांभाळ हाच सॉफ्टवेअरमधला मोठा खर्च असतो. प्रकल्प सांभाळणारा, ज्याला मेंटेनर म्हणतात, तो नव्या कल्पनेकडे थंडपणे पाहतो तेव्हा तो गर्विष्ठ असतोच असे नाही. पाच मिनिटांच्या बदल्यात आपल्याकडे पाच वर्षे मागितली जात आहेत, हे त्याला दिसत असते. त्यात भर म्हणून, एक पैसाही न देता वापरणाऱ्यांची भाषा पुष्कळदा गिऱ्हाइकाची असते: इतके साधे अजून का झाले नाही, किती दिवस वाट पाहायची, बाकीच्यांकडे तर ते केव्हाच आहे.

हा रेटा कुठवर जाऊ शकतो ते मार्च २०२४ मध्ये दिसले. एक्सझेड नावाचे, फायलींचा आकार कमी करणारे एक छोटे साधन जगातील असंख्य लिनक्स सर्व्हरांवर असते. ते अनेक वर्षे मुख्यतः एकच माणूस बिनपगारी छंद म्हणून सांभाळत होता. २०२२ मध्ये काही खात्यांवरून त्याला टोचणारे संदेश येऊ लागले: बदल वेळेवर घेतले जात नाहीत, प्रकल्प रखडला आहे, दुसऱ्या कोणाच्या तरी हाती द्या. आपली मानसिक प्रकृती ठीक नसते आणि हे काम विनामोबदला आहे, असे त्या माणसाने उघडपणे लिहिले, तरी संदेश थांबले नाहीत. त्याच काळात एक नवा मदतनीस नेटका, उपयोगी कोड पाठवत होता. हळूहळू त्याच्यावर विश्वास बसला, त्याला अधिकार मिळाले, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये निघालेल्या ५.६.० या आवृत्तीत व पाठोपाठच्या ५.६.१ मध्ये त्याने दूरच्या सर्व्हरमध्ये शिरता येईल अशी चोरवाट घालून ठेवली. तगादा लावणारी ती खाती बनावट असावीत आणि सगळा डाव एकच असावा, असे बहुतेक जाणकार आज मानतात.

या घटनेतून, मागण्या करणाऱ्यांनी एकट्या स्वयंसेवकाला किती पिडावे याला मर्यादा हवी, असा धडा काढला जातो. तो बरोबर आहे, पण मला त्यात आणखी दोन गोष्टी दिसतात आणि त्यांच्याविषयी फारसे बोलले जात नाही. पहिली अशी की, चोरवाट घालणारा माणूस ‘कोड दाखवा’ या परीक्षेत पूर्ण गुणांनी उत्तीर्ण झाला होता. दोन वर्षांहून अधिक काळ त्याने कोडच दाखवला. कोड लिहिण्याची क्षमता आणि प्रकल्पाविषयीची निष्ठा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पहिलीवरून दुसरीचे अनुमान काढता येत नाही. दुसरी गोष्ट अशी की, हा प्रकार ज्याने उघडकीस आणला त्या आंद्रेस फ्रॉइंड यांचा एक्सझेडच्या कोडमध्ये काही वाटा नव्हता. ते पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे, मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरीला असलेले अभियंते. दूरच्या यंत्रावर लॉगिन करताना नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, हे त्यांच्या नजरेत भरले. त्यांनी ते मोजले, माग काढत मुळापर्यंत गेले आणि २९ मार्च रोजी सगळे तपशीलवार लिहून प्रसिद्ध केले. ते निष्णात प्रोग्रामर होते हे खरे, आणि हे काम कोणालाही जमले असते असा माझा दावा नाही. पण त्यांनी एक्सझेडला जे दिले ते काय होते? एक निरीक्षण, ते पुन्हा करून पाहण्याची रीत आणि स्वच्छ शब्दांतले वर्णन. त्या वर्षी त्या प्रकल्पाला मिळालेले सर्वांत मोलाचे योगदान या स्वरूपाचे होते.

कोडच्या ओळी हेच माप धरले की दुसरीही विकृती येते, आणि तिचा संबंध थेट आपल्या विद्यार्थ्यांशी आहे. हॅक्टोबरफेस्ट नावाचा उपक्रम २०१४ पासून दर ऑक्टोबरात होतो. मुक्त प्रकल्पांना ठरावीक संख्येने बदल पाठवणाऱ्याला त्यात टी-शर्ट मिळत असे. ऑक्टोबर २०२० मध्ये अनेक प्रकल्पांवर निरर्थक बदलांचा अक्षरशः पूर लोटला. माहितीपत्रकात एखादे विशेषण घाल, शीर्षकात ‘अप्रतिम’ असा शब्द जोड, असे ते बदल होते, आणि ते पाठवणाऱ्यांत भारतीय विद्यार्थी मोठ्या संख्येने होते. आयोजकांना काही दिवसांतच नियम बदलून, ज्या प्रकल्पांची स्वतःहून संमती आहे तेवढेच मोजायचे, असे ठरवावे लागले. मुलांना नावे ठेवण्यासाठी मी हे सांगत नाही. त्यांना जे माप दिले गेले त्या मापाने ती वागली. आमच्याकडे अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाची मुले विचारतात, ‘सर, पहिली पुल रिक्वेस्ट (आपला बदल स्वीकारण्याची प्रकल्पाला केलेली विनंती) कुठे टाकू?’ कोणाची अडचण सोडवायची आहे, हा प्रश्न त्यांच्या बोलण्यात क्वचितच येतो, कारण नोकरीच्या अर्जात अडचणीचा रकाना नसतो. शिवाय आता मागेल तसा कोड लिहून देणारी यंत्रे हाताशी आली आहेत. इंटरनेटवरून माहितीची ने-आण करणाऱ्या कर्लसारख्या जुन्या, प्रतिष्ठित प्रकल्पाच्या प्रमुखांनी, यंत्राकडून लिहून घेतलेल्या खोट्या सुरक्षा-अहवालांनी आपला वेळ कसा खाल्ला जातो, हे २०२४ पासून वारंवार सांगितले आहे. बोलणे स्वस्त होते तसा आता कोडही स्वस्त होऊ लागला आहे. गरज नेमकी काय आहे हे समजणे आणि केलेली गोष्ट सांभाळत राहणे, एवढेच महाग उरले आहे.

मग कोड न लिहिणाऱ्याकडे असे काय असते की ज्यासाठी त्याला अधिकार द्यावा? एक उदाहरण घेतो, दिसायला अगदी लहान. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’ नंतर येतो. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला संगणकासाठी क्रमांक देणारे जागतिक मानक, त्याच्या देवनागरी तक्त्यात मात्र ‘ळ’ चा क्रमांक ‘ल’ च्या लगेच नंतरचा आहे. एखाद्या प्रोग्रामने केवळ या क्रमांकांवरून यादी लावली, तर काल, काळ, काव असा क्रम लागतो. वर्णमालेवर वाढलेला मराठी वाचक काल, काव, काळ असा क्रम धरून शोधतो. ‘क्ष’ ची गोष्ट याहून अवघड. आपण तो वर्णमालेच्या शेवटी म्हणतो, पण युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र क्रमांक नाही. तो क, हलन्त आणि ष यांचा बनतो, म्हणून यंत्राच्या क्रमात ‘क’ मध्ये जाऊन बसतो, आणि हिंदी कोशांतही तो तिथेच असतो. मराठी ग्रंथालयाच्या यादीत तो कुठे असावा, हा प्रश्न कोडचा नाहीच. तो रोज वाचकांना पुस्तके काढून देणाऱ्या माणसाने सोडवायचा प्रश्न आहे.

सोलापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात हा प्रसंग माझ्यासमोर घडला. संगणकीकरणासाठी मदत करायला आलेल्या विद्यार्थ्याला ग्रंथपाल बाई म्हणाल्या, ‘‘अरे, ही यादी चुकीची लागतेय. ‘काळ’ हा ‘काव’च्या आधी कसा काय आला?’’ मुलगा म्हणाला, ‘‘मॅडम, कॉम्प्युटर तसंच लावतो. तुम्ही गिटहबवर इश्यू टाका, कोणीतरी बघेल.’’ गिटहब म्हणजे मुक्त प्रकल्पांचा कोड जिथे ठेवला जातो ते संकेतस्थळ, आणि इश्यू म्हणजे तिथे नोंदवलेली अडचण. बाईंनी गिटहबचे नावही ऐकलेले नव्हते. त्यांनी पाठकोऱ्या कागदावर शब्द लिहायला घेतले: कोणता कोणाच्या आधी, कोणता नंतर, अनुस्वार असलेला शब्द नसलेल्याच्या आधी की नंतर, ‘ज्ञ’ चे काय, आणि जिथे त्यांनाच शंका होती तिथे प्रश्नचिन्ह करून समोर दोन्ही पर्याय व स्वतःचे मत. कागद हातात पडल्यावर मुलगा म्हणाला, ‘‘मॅडम, हे तर टेस्ट केसेसच झाले की.’’ टेस्ट केसेस म्हणजे प्रोग्राम बरोबर चालतो का हे तपासण्याची नमुना उदाहरणे, आणि त्याचे म्हणणे खरे होते. त्या कागदावरून त्याने थोडक्या वेळात दुरुस्ती केली आणि ते सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या प्रकल्पाने ती स्वीकारली. नोंदीत नाव लागले ते एकट्या मुलाचे. त्याने ते मुद्दाम केले नाही. दुसरे नाव लिहायचे असते हे त्याला कोणी शिकवलेच नव्हते. मला मात्र ते अन्यायाचे वाटले आणि आजही वाटते, कारण त्या दुरुस्तीतील कठीण भाग बाईंनी केला होता.

सोलापूरला ही गोष्ट समजायला जड जाऊ नये. चादरीवर मोर हवा, असे व्यापारी सांगतो, ती कल्पना. तो मोर चौकटीच्या कागदावर एकेका चौकोनात उतरवणे, कोणत्या आडव्या धाग्याच्या वेळी कोणते उभे धागे उचलले जायचे हे ठरवणे, हा ग्राफ. त्यावरून जकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उतरवणाऱ्या यंत्रणेची, पत्रे पंच होतात, ती मागावर चढतात आणि मग विणकर विणतो. आज यातील बरेच काम संगणकावर होते, पण कामाची वाटणी तीच आहे. ग्राफ काढणाऱ्याने धोटा हातात धरलेला नसतो, तरी त्याने नुसती कल्पना दिली असे या शहरात कोणी म्हणणार नाही. मुक्त स्रोत प्रकल्पांतील निम्मी भांडणे, माझ्या मते, ‘मोर हवा’ या वाक्याला आणि त्या ग्राफला एकाच मापाने मोजल्यामुळे होतात. ‘मोर हवा’ म्हणणाऱ्याला काही अधिकार नाही, यात मेंटेनर पूर्णपणे बरोबर आहेत. ग्राफ काढून देणाऱ्याला अधिकार नाही, असे ते म्हणतात तेव्हा ते आपल्याच प्रकल्पाचे नुकसान करतात.

हे केवळ इच्छेचे बोलणे नाही. असे वागून दाखवणारे प्रकल्प आहेत. ग्रंथालयांचेच उदाहरण पाहू. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ ग्रंथालय न्यासाची जुनी संगणक व्यवस्था वर्ष २००० ओलांडू शकणार नव्हती, म्हणून त्यांनी १९९९ मध्ये एका छोट्या कंपनीकडून नवी व्यवस्था लिहून घेतली आणि ती सर्वांसाठी मुक्त केली. जानेवारी २००० पासून वापरात आलेली ती व्यवस्था म्हणजे आज जगभर आणि भारतातही अनेक ग्रंथालयांत चालणारी ‘कोहा’. काय हवे हे ग्रंथपालांनी सांगायचे आणि कसे करायचे हे प्रोग्रामरांनी पाहायचे, अशीच तिची सुरुवात. तिच्या आजच्या कामाच्या रीतीतील एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कोणीही पाठवलेला बदल थेट आत जात नाही. लिहिणाऱ्याव्यतिरिक्त दुसऱ्या कोणीतरी तो चालवून पाहून त्यावर सही करावी लागते, आणि त्यानंतर गुणवत्ता पाहणारा गट तो तपासतो. ही सही करण्यासाठी प्रोग्रामर असण्याची अट नाही. ब्राउझरमधून उघडणारी चाचणीची जागा त्यांनी तयार केली आहे. काळ्या पडद्यावर कधीही आज्ञा न टाइप केलेला ग्रंथपाल तिथे नवा बदल लावून, स्वतः पुस्तक देऊन-घेऊन पाहतो आणि पटले तर सही करतो. ती सही त्या बदलाच्या नोंदीत कायमची राहते. काही प्रकल्प मुखपृष्ठावर कल्पना सुचवणाऱ्यांच्या नावांसमोर छोटे चिन्ह लावून त्यांचा सन्मान करतात. त्यात वाईट काही नाही, पण चिन्हाने कोणाचे मत मोजले जात नाही. कोहातील सही मोजली जाते, कारण तिच्याविना बदल पुढे सरकत नाही.

लिनक्सवर आधारित संगणक-प्रणाली तयार करणाऱ्या डेबियन या प्रकल्पात पूर्वी पॅकेजे, म्हणजे संगणकावर बसवायला तयार सॉफ्टवेअरचे गठ्ठे, तयार करणाऱ्यांनाच पूर्ण सदस्यत्व आणि मताचा हक्क मिळे. ऑक्टोबर २०१० मध्ये सदस्यांनी मतदान करून, भाषांतर, दस्तऐवज अशा वेगळ्या कामांनी प्रकल्पाला हातभार लावणाऱ्यांनाही सदस्य म्हणून सामावून घेण्याचा निर्णय घेतला. आणि ज्या लिनक्सच्या घरातून ‘कोड दाखवा’ हे वाक्य आले, त्या लिनक्सच्या गाभ्याच्या नियमांतच, बदलाच्या नोंदीखाली ‘अमुक यांनी अडचण कळवली’, ‘अमुक यांनी चाचणी केली’, ‘अमुक यांनी सुचवले’ अशा ओळी लिहिण्याची पद्धत लेखी दिलेली आहे. सुचवणाऱ्याला श्रेय मिळावे हाच त्या शेवटच्या ओळीचा उद्देश आहे. ब्रीदवाक्य उचलणाऱ्यांनी ही पद्धत उचलली असती तर त्या तालुक्याच्या बाईंचे नाव एका ओळीत जगासमोर आले असते.

अधिकार मागणाऱ्याने त्याची किंमतही मोजली पाहिजे, आणि इथे मी कल्पना देणाऱ्यांच्या बाजूने सवलत मागणार नाही. पायथन या प्रोग्राम लिहिण्याच्या भाषेत मोठा बदल सुचवायचा असेल तर २००० सालापासून एक लेखी प्रस्ताव द्यावा लागतो. कोणीतरी त्या प्रस्तावाचे पालकत्व घेतो, आक्षेप गोळा करतो, त्यांना उत्तरे देतो आणि कोणते पर्याय का सोडले हेही लिहून ठेवतो. ही शिस्त कल्पनेला जड करते, आणि तेच तिचे काम आहे. अर्थात शिस्तीने थकवा संपत नाही. पायथनचे जनक गिदो व्हान रॉसम यांनी २०१८ मध्ये, एका प्रस्तावावरच्या कडवट वादानंतर, अंतिम निर्णय देण्याच्या भूमिकेतून स्वतःला मोकळे करून घेतले. प्रस्ताव मंजूर झाला होता, पण त्यासाठी झालेल्या वादाने माणूस थकला होता. म्हणून मला वाटते, सुचवणाऱ्याने केवळ लिहून भागणार नाही. त्याने नवा बदल आपल्या खऱ्या कामावर चालवून पाहावा, त्याच्यासारख्याच दुसऱ्या वापरणाऱ्यांच्या प्रश्नांना स्वतः उत्तरे द्यावीत म्हणजे तो भार मेंटेनरवर पडणार नाही, मदतीचे पान मराठीत लिहावे, आणि आवृत्ती निघाल्यानंतर परत येऊन ती चालते की नाही हे कळवावे. हे शेवटचे काम सर्वांत कमी लोक करतात. मिळाले की विषय संपतो. चालत नसले तरच पुन्हा तक्रार येते, आणि प्रोग्रामरच्या वाट्याला केवळ तक्रारीच येतात.

सोलापुरात हा प्रश्न आणखी एका कारणाने तीव्र होतो. इथे अभियांत्रिकीची महाविद्यालये आहेत, २००४ पासून स्वतंत्र विद्यापीठ आहे, मुले चांगली शिकतात आणि पदवी घेऊन पुण्याची गाडी धरतात. कोड लिहू शकणारा माणूस अशा रीतीने अडीचशे किलोमीटर दूर जातो आणि ज्याला गरज ठाऊक आहे तो इथेच राहतो. यंत्रमागाच्या कारखान्यात सूत आणि मजुरीचा हिशेब ठेवणारा मुनीम, दवाखान्यात नोंदणी करणारी ताई, शाळेचा दाखला लिहिणारे गुरुजी हे सगळे अशा शहरात काम करतात जिथे एकाच गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू ऐकू येते. तेलुगू रीतीत घराण्याचे नाव आधी येते. आपल्या अर्जांत नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम असतो. पद्मशाली या तेलुगू भाषक विणकर समाजाच्या घरातील एकाच माणसाचे नाव आधारपत्रावर एका क्रमाने, शाळेच्या दाखल्यावर दुसऱ्या क्रमाने आणि दवाखान्याच्या वहीत तिसऱ्याच लेखनाने असू शकते. नावाच्या अचूक अक्षरांवरून शोध घेणारा प्रोग्राम इथे रोज चुकतो, आणि तो का चुकतो हे नोंदणी करणाऱ्या ताईंना पुण्यातील किंवा बर्लिनमधील प्रोग्रामरपेक्षा कितीतरी जास्त कळते. ‘स्वतः लिहून पाठवा’ हे उत्तर त्यांना दिले की हे ज्ञान कायमचे बाहेर राहते. मग मुक्त सॉफ्टवेअर मुख्यतः प्रोग्रामरांच्या स्वतःच्या गरजा भागवत राहते, आणि आपण म्हणतो की ते सामान्य माणसाला वापरायला अवघड आहे.

यावर उपाय व्यक्तींच्या सदिच्छेत शोधू नये. जी संस्था मुक्त सॉफ्टवेअर वापरून परवान्याचा खर्च वाचवते, तिने आपल्या कर्मचाऱ्याचे कामाच्या वेळेतले काही तास त्या प्रकल्पाला द्यावेत: अडचणी लिहायला, चाचणी करायला, सही करायला. घरी जाऊन रात्री करा, असे सांगू नये. विशेषतः अ, ब, क, ड वर्गांतील सार्वजनिक ग्रंथालयांचे कर्मचारी आधीच तुटपुंज्या मानधनावर काम करतात. त्यांच्याकडून आणखी फुकटचे श्रम मागणे अनुचित आहे. सुरुवात विद्यापीठाने, मोठ्या महाविद्यालयांनी आणि सहकारी संस्थांनी करावी, कारण त्यांना ते परवडते.

महाविद्यालयांचे काम याहून मोठे आहे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर राज्यातील पदवी अभ्यासक्रमांत क्षेत्रप्रकल्प आणि समुदाय सहभाग यांना श्रेयांक मिळू लागले आहेत. हे श्रेयांक सर्वेक्षणाच्या अहवालांत आणि बाडबिस्तऱ्यासारख्या बांधीव प्रतींत वाया घालवण्याऐवजी, विद्यार्थ्याने एखाद्या वापरणाऱ्यासोबत बसून त्याची अडचण नेमक्या शब्दांत, उदाहरणांसह, चाचण्यांसह लिहून एखाद्या मुक्त प्रकल्पाकडे न्यावी यासाठी द्यावेत. गुण देताना कोडच्या ओळी मोजू नयेत. एका सत्रानंतर ती गोष्ट खरोखर वापरात आहे का, हे त्या वापरणाऱ्याला विचारावे आणि त्याच्या उत्तराला गुणांत मोठा वाटा द्यावा. असा विद्यार्थी दोन्ही भाषा बोलणारा होतो, गिऱ्हाइकाची आणि यंत्राची, आणि पुण्याला गेला तरी ही सवय सोबत घेऊन जातो. एक अट मात्र पहिल्या दिवशीच शिकवावी: नोंदीत दोघांची नावे लागतील. मधला माणूस जर सगळे श्रेय स्वतःकडे घेऊ लागला, तर पुढच्या वेळी कोणी पाठकोऱ्या कागदावर शब्द लिहायला बसणार नाही, आणि ते रास्तच असेल.

एक आक्षेप उरतो आणि तो सर्वांत सबळ आहे. कोड न लिहिणाऱ्यांना मत दिले आणि त्यांनी बहुमताने एखादी सोय ठरवली, पण लिहायला कोणीच तयार नसले, तर काय? स्वयंसेवकाला कोणी राबवून घेऊ शकत नाही आणि घेऊही नये. ‘मी हे करणार नाही’ असे म्हणण्याचा त्याचा हक्क संपूर्ण आहे. त्यासाठी कारण देण्याचीही गरज नाही. पण ‘मी हे करणार नाही’ आणि ‘हे या प्रकल्पात होणार नाही’ ही दोन वेगळी विधाने आहेत, आणि आज बहुतेक प्रकल्पांत एकच माणूस दोन्ही एका दमात बोलतो. पहिले त्याच्या वेळेविषयी आहे आणि तो वेळ त्याचा आहे. दुसरे प्रकल्पाच्या दिशेविषयी आहे. प्रकल्प चाचणी करणाऱ्यांचा, भाषांतर करणाऱ्यांचा आणि वर्षानुवर्षे नेमक्या अडचणी लिहून पाठवणाऱ्यांचाही आहे. पहिले विधान केले तर विनंती खुली राहते, दुसरा कोणी, कदाचित सोलापूरचाच एखादा विद्यार्थी, ती उचलू शकतो. दुसरे केले तर ती बंद होते आणि उचलणाऱ्यापुढे अख्खा प्रकल्प वेगळा काढण्याखेरीज मार्ग राहत नाही. २०१० मध्ये ओपनऑफिस या कार्यालयीन कामाच्या सॉफ्टवेअरमधून लिब्रेऑफिस वेगळे झाले तेव्हा त्यामागे अनुभवी प्रोग्रामरांचा मोठा गट होता. ग्रंथपालांकडे आणि गुरुजींकडे तसा गट नसतो, म्हणून त्यांच्यासाठी ती वाट केवळ कागदावर खुली असते. मराठी क्रमवारी लावायला मला वेळ नाही, असे एखाद्या मेंटेनरने म्हटले तर त्याचे आभार मानून आपण दुसरा माणूस शोधू. मराठी क्रमवारीची गरज नाही, असे तो म्हणत असेल तर तो निर्णय त्याच्या एकट्याचा नाही. तो घेताना ज्यांनी यादी तपासून सही केली आहे त्यांचे मत मोजले गेले पाहिजे, आणि नकार द्यायचाच असेल तर तो कारणासह लेखी दिला गेला पाहिजे.